शिआनमधील एक दिवस

मुलांनो, बत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि मराठी हे विषय शिकविले. त्या काळात फळ्यावर मी किती देशांचे नकाशे काढले असतील, किती राजांचे आणि प्रवाशांचे सन मुलांकडून पाठ करून घेतले असतील, याची गणती नाही. परंतु ज्या दूरच्या नगरांची नावे मी खडूने शेकडो वेळा लिहिली, त्यांपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. माझी शाळा सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. तेथून पंढरपूर, सातारा आणि मुलांच्या सहलीबरोबर कधी अजिंठा-वेरूळ, एवढाच काय तो माझा प्रवास.

निवृत्त झाल्यावर मात्र योग आला. आमचा मुलगा नोकरीनिमित्त चीनमधील शांघाय शहरी राहत होता. २०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मी आणि माझी पत्नी त्याच्याकडे गेलो. एके दिवशी त्याने विचारले, “बाबा, या देशात तुम्हांला सर्वांत आधी काय पाहावयाचे आहे?” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “शिआन. ह्युएनत्संगाचे गाव.” पत्नी हसून म्हणाली, “खरेच जाऊ या. बत्तीस वर्षे या गृहस्थाचे नाव ऐकते आहे. एकदा त्याचे घरदार तरी पाहू!”

अशा रीतीने आम्ही शिआनला आलो. शांघायपासून सुमारे दीड हजार किलोमीटरांचे हे अंतर तेथील वेगवान आगगाडीने सहा-सात तासांत कापले. शिआन ही शान्शी प्रांताची राजधानी. २०२० सालच्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी २९ लाख भरली. पूर्वी याच ठिकाणी छांगआन नावाचे नगर होते. छांगआन म्हणजे ‘चिरंतन शांती’. अनेक राजघराण्यांनी येथून राज्य केले आणि पश्चिमेकडे जाणारा रेशमाचा व्यापारी मार्ग येथूनच सुरू होत असे.

मुलाने आमच्यासाठी एका दिवसापुरती एक मार्गदर्शिका ठरवून दिली होती. सकाळी सात वाजता ती मुक्कामाच्या ठिकाणी आली. पंचविशीची, चणीने लहान, पाठीला पिशवी लावलेली मुलगी. तिने हात जोडून चक्क “नमस्ते” म्हटले. विद्यापीठात ती दोन वर्षे हिंदी शिकली होती. तिची हिंदी पुस्तकातली, आमची मराठी वळणाची. पण दोन्हींची गाठ पडली आणि पाहता पाहता गप्पा सुरू झाल्या. पत्नीला ती ‘माताजी’ म्हणू लागली. मी शिक्षक होतो असे कळताच मला ‘लाओशी’ म्हणू लागली. त्यांच्या भाषेत लाओशी म्हणजे गुरुजी. परक्या मुलुखात हा शब्द ऐकून माझी छाती अंमळ फुगली, हे मी कबूल करतो.

गाडीत बसताच मी गुरुजींच्या थाटात म्हणालो, “आज आम्हांला ह्युएनत्संगाची जागा नीट दाखव हं.”

“कोण?” तिने विचारले.

“ह्युएनत्संग!” मी जरा मोठ्याने म्हणालो. वर्गात मुलांना कळले नाही की आपण आवाज चढवितो, त्यातलाच हा प्रकार. ती बिचारी गोंधळली. एखाद्या खाणावळीचे नाव असेल असे समजून ती मोबाइलमध्ये शोधू लागली. ज्या माणसाचे नाव मी बत्तीस वर्षे शिकविले, त्याच्याच गावात ते नाव कोणाला कळत नव्हते! पत्नीने तोंडाला पदर लावला. मी गप्प बसलो.

प्रथम आम्ही शहराचा तट पाहिला. मिंग राजघराण्याच्या काळात, १३७० साली, या तटाचे बांधकाम सुरू झाले. आत ठोकून घट्ट केलेली माती आणि बाहेरून विटा अशी त्याची रचना आहे. उंची बारा मीटर, आणि वरची रुंदी बारा ते चौदा मीटर. शहराभोवती सुमारे पावणेचौदा किलोमीटरांचा फेरा घेऊन तो जेथून निघतो तेथेच येऊन मिळतो. वर भाड्याने सायकली मिळतात आणि पोरे-थोरे मजेत तटावरून फेऱ्या मारतात. तटाच्या पायथ्याशी पाण्याने भरलेला खंदक आहे. तो पाहताच आम्हांला सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची आठवण झाली.

खंदकाकाठच्या बागेत एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांच्या हाती कमरेएवढ्या उंचीचा कुंचला होता. तो शेजारच्या बादलीत बुडवून ते फरसबंदीवर मोठमोठी चिनी अक्षरे काढीत होते. शाई नव्हती, नुसते पाणी. एक ओळ पुरी होईपर्यंत आधीची ओळ उन्हाने वाळून नाहीशी होई. पत्नीने विचारले, “पुसूनच जाणार, तर हे लिहितात कशासाठी?” मार्गदर्शिकेने तो प्रश्न त्यांना विचारला. ते आमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “हे कागदासाठी नाही, हातासाठी आहे.” मुलांनो, शुद्धलेखनाची वही भरताना तुम्ही कुरकुर करता ना? त्या वृद्धाचे उत्तर ध्यानात ठेवा.

तेथून आम्ही शहराच्या पूर्वेस, सुमारे तासाभराच्या वाटेवर असलेल्या लिनतोंग भागात गेलो. जगप्रसिद्ध मातीची सेना आहे ती तेथेच. वाटेत रस्त्याच्या कडेला शेतकरी बायका डाळिंबांच्या राशी मांडून बसल्या होत्या. हा भाग डाळिंबांसाठी नावाजलेला आहे. आमच्या माण-सांगोल्याकडेही कोरड्या माळावर डाळिंबाच्या बागा आहेत. पत्नीने गाडी थांबवून चार डाळिंबे घेतली. देठ पाहिला, फळ हातात तोलले, सालीवर टिचकी मारली. विकणाऱ्या बाईनेही तिच्यापुढे तशीच टिचकी मारून दाखविली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण सौदा चोख झाला.

आता त्या सेनेची हकीकत ऐका. इ. स. पूर्व २४६ मध्ये छिन नावाच्या राज्याच्या गादीवर एक तेरा वर्षांचा मुलगा बसला. म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा! मोठेपणी त्याने आसपासची सर्व राज्ये जिंकली आणि इ. स. पूर्व २२१ मध्ये तो साऱ्या चीनचा पहिला सम्राट झाला. छिन शी हुआंग हे त्याचे नाव. त्याने देशभर एकच लिपी, एकच नाणे आणि एकच वजन-माप सुरू केले. ही कामे खरोखरच मोठी होती. परंतु त्याला दुसऱ्याचे विचार सहन होत नसत. इ. स. पूर्व २१३ मध्ये त्याने जुने ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली. वैद्यक, शेती अशा थोड्या विषयांची पुस्तके तेवढी वगळली. मरणानंतरही आपले राज्य चालावे म्हणून त्याने आपल्या समाधीजवळ जमिनीखाली मातीचे हजारो सैनिक उभे करविले. इ. स. पूर्व २१० मध्ये तो मरण पावला. पुढे ती सेना मातीआड झाली आणि लोकांच्या स्मरणातूनही गेली.

आम्ही पहिल्या दालनात शिरलो आणि जागच्या जागी उभे राहिलो. दोनशे तीस मीटर लांब आणि बासष्ट मीटर रुंद अशा त्या खळग्यात माणसाएवढे मातीचे शिपाई रांगा धरून उभे होते. साऱ्या खळग्यांत मिळून सुमारे आठ हजार पुतळे असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील बरेच अजून मातीखालीच आहेत. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कोणाच्या मिशा खाली वळलेल्या, कोणाच्या केसांची गाठ उजवीकडे. गुडघा टेकून बसलेल्या एका तिरंदाजाच्या जोड्याच्या तळव्यावरील टाकेसुद्धा कारागिराने दाखविले आहेत. पूर्वी या पुतळ्यांवर रंग होता. परंतु जमिनीतून वर काढून हवा लागली की तो काही मिनिटांत सुकून गळून पडतो. बहुतेक पुतळे फुटलेले सापडले. दालनाच्या मागच्या बाजूस माणसे त्यांचे तुकडे धीराने जुळवीत होती. “हे शिपायांचे रुग्णालय,” असे मार्गदर्शिका म्हणाली. काही पुतळ्यांवर ते घडविणाऱ्या कारागिरांची नावे कोरलेली आहेत. काम सदोष निघाले तर कोणाला धरावयाचे ते कळावे, म्हणून ही व्यवस्था होती. परंतु त्यामुळेच त्या गरीब कुंभारांची नावे सम्राटाच्या नावाइतकीच टिकून राहिली.

दालनाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून मार्गदर्शिका म्हणाली, “१९७४ सालच्या मार्च महिन्यात या गावचे शेतकरी येथे विहीर खणीत होते. पाऊस नव्हता. शेताला पाणी हवे होते. खणता खणता कुदळीला मातीचा पुतळा लागला आणि त्यातून ही सारी सेना उजेडात आली.”

मी लगबगीने वही काढून सन टिपून घेतला. पत्नी मात्र त्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. तिचे माहेरही दुष्काळी गावातले. लहानपणी तिने आडाचा तळ खरवडून पोहऱ्याने पाणी काढले आहे. ती हळूच म्हणाली, “मग त्यांना पाणी लागले का?”

मार्गदर्शिका क्षणभर गप्प झाली, मग हसून म्हणाली, “माताजी, पुतळे किती, त्यांची उंची किती, वजन किती, हे सगळे विचारतात. पाण्याचे आजवर मला कोणी विचारले नव्हते.”

पत्नीच्या त्या साध्या प्रश्नाने माझ्या काळजात मात्र लख्खकन काहीतरी हलले. बत्तीस वर्षांपूर्वीचा एक वर्ग माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

ते १९८६ साल होते. मी नवखा शिक्षक होतो. सातवीच्या वर्गात हर्षवर्धनाचा काळ शिकविताना मी ह्युएनत्संगाचा मार्ग नकाशावर दाखवीत होतो. एका मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. तो एका वाडीहून रोज पायी येत असे. त्या वर्षी पाऊस थोडा झाला होता. शाळेला येण्यापूर्वी तो मैलभरावरच्या विहिरीतून घागरी भरून आणी. त्याने विचारले, “गुरुजी, त्याच्या वाटेवर एवढे वाळवंट होते, तर मग पाणी संपल्यावर त्याने काय केले?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. पण ते ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. मी म्हणालो, “आधी सन पाठ कर. पाणी परीक्षेत विचारीत नाहीत.” सारा वर्ग हसला. तो मुलगा मान खाली घालून बसला. त्यानंतर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. दिवाळीनंतर त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले, तोही त्यांच्याबरोबर गेला, आणि शाळेत परत आला नाही. ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. त्या मातीच्या सेनेपुढे उभा राहून मी ती पत्नीला सांगितली. ती इतकेच म्हणाली, “अहो, तहान लागलेल्यालाच पाणी आठवते.”

दुपारी एका लहानशा खाणावळीत आम्ही जेवलो. शेजारच्या टेबलावर लोक जाडजूड रोटीचे हाताने बारीक तुकडे करून वाडग्यात टाकीत होते. मग त्यावर गरम रस्सा ओतून आणीत. आपल्याकडे आमटीत भाकरी कुस्करतात, तसाच तो प्रकार. पण त्यात मांस असते, म्हणून आम्ही तिखट लावलेल्या थंड शेवया खाल्ल्या. पत्नीने सोबतच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढून मार्गदर्शिकेला दिली. तिने एक चिमूट खाल्ली, डोळे पुसले आणि पुन्हा एक चिमूट मागितली.

दुपार कलता कलता आम्ही शहराच्या दक्षिण भागात आलो. समोर विटांचा एक सातमजली, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला मनोरा उभा होता. त्याला ‘मोठ्या रानहंसाचा मनोरा’ म्हणतात. त्याच्यापुढील चौकात एका भिक्षूचा ब्राँझचा पुतळा आहे. हाती दंड, अंगावर वाऱ्याने हलल्यासारखे वाटणारे वस्त्र. मी पुतळ्याकडे बोट दाखविले आणि ओरडलो, “हाच! हाच माझा ह्युएनत्संग!”

“अहो लाओशी,” ती मुलगी टाळी वाजवून म्हणाली, “हे तर श्वेनत्सांग! तुम्ही सकाळपासून यांना विचारीत होता?” मग तिने मला ते नाव तीनदा म्हणावयास लावले. मी पहिलीतल्या मुलासारखे तिच्यामागून म्हणत होतो. तिसऱ्यांदा ते तिच्या मनासारखे उमटले, तेव्हा ती म्हणाली, “शाबास!”

आम्ही एका बाकावर बसलो. मी तिला म्हणालो, “मुली, एक प्रश्न विचारतो. माझा नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्याचा आहे. वाळवंटात याचे पाणी संपले तेव्हा याने काय केले?”

“ती गोष्ट तर आम्हांला आजी सांगत असे,” ती म्हणाली. मग तिने जे सांगितले ते असे. श्वेनत्सांगाच्या शिष्यांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रातही ही हकीकत आहे.

इ. स. ६२९ च्या सुमारास श्वेनत्सांग या नगरातून निघाला. त्या वेळी सरहद्द ओलांडण्यास बंदी होती. तरीही भारतात जाऊन मूळ बौद्ध ग्रंथ वाचावयाचे, या ओढीने तो गुपचूप निघाला. सरहद्दीजवळ एका माणसाने त्याला आपला म्हातारा, तांबडा घोडा दिला. त्या घोड्याने ती वाट पुष्कळ वेळा तुडविली होती. पुढे वाळवंटात श्वेनत्सांग एकटाच राहिला. एकदा पाणी पिण्यासाठी त्याने चामड्याची पिशवी उचलली, तोच ती हातातून निसटली आणि सारे पाणी वाळूत सांडले. तो घाबरला. मागे फिरून काही अंतर चाललाही. परंतु भारतात पोहोचल्यावाचून पूर्वेकडे एक पाऊलही टाकावयाचे नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती आठवून त्याने घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेकडे वळविले. चार रात्री आणि पाच दिवस त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही. अखेर तो आणि घोडा दोघेही वाळूत पडले. पाचव्या रात्री गार वारा सुटला. त्याला थोडी हुशारी आली. तो उठून चालू लागला, तोच घोडा एकाएकी वाट सोडून भलत्याच दिशेला निघाला. लगाम ओढला तरी ऐकेना. थोडे पुढे जातात तो हिरवे गवत दिसले आणि शेजारी स्वच्छ पाण्याचे तळे! म्हाताऱ्या घोड्याने पाणी हुडकले होते.

मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही गोष्ट त्या मुलाला किती आवडली असती! जनावरांना पाण्याचा वास कसा लागतो, हे माझ्यापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असणार. त्याने वर्गाला काही सांगितले असते आणि मी शिकलो असतो. पण मी त्याचे तोंड बंद केले होते.

पत्नीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती खालीच डाळिंब सोलीत बसली. मी मार्गदर्शिकेबरोबर मनोरा चढलो. त्याची उंची सुमारे ६४ मीटर आहे. श्वेनत्सांग भारतात नालंदा येथे शिकला, देशभर हिंडला आणि इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. येताना सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या. तेव्हा त्यांच्या नकला मिळविण्यासाठी तो वाटेत थांबला. ज्या पाण्यासाठी एकदा प्राण कंठाशी आले, त्याच पाण्याने पोथ्या हिरावून नेल्या. परंतु त्याने हाय खाल्ली नाही. आणलेले ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून इ. स. ६५२ मध्ये हा मनोरा बांधण्यात आला. त्या वेळी श्वेनत्सांग पन्नाशीचा होता, तरी त्याने स्वतः टोपलीतून विटा वाहिल्या. पुढे मनोऱ्याची पुनर्बांधणी झाली, १५५६ सालचा मोठा भूकंपही त्याने सोसला. आज तो किंचित पश्चिमेकडे कललेला आहे. इ. स. ६६४ मध्ये मरण येईपर्यंत श्वेनत्सांग भाषांतर करीत राहिला आणि त्याने ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले. त्यांतील काहींची मूळ संस्कृत प्रत आज भारतातही उरलेली नाही. ते ग्रंथ जगाला या भाषांतरांमुळेच ठाऊक आहेत.

सर्वांत वरच्या मजल्यावर चारही दिशांना खिडक्या आहेत. मी पश्चिमेच्या खिडकीपाशी उभा राहिलो. सूर्य खाली जात होता. त्याच दिशेने तो निघाला होता. त्याच दिशेने पुढे वळून माझा देश होता. मार्गदर्शिकेने मोबाइल काढला आणि श्वेनत्सांगाच्या प्रवासवृत्तान्तातील एक भाग शोधून म्हणाली, “लाओशी, हा तुमचा मुलूख ना? मोहोलाचा?” मोहोलाचा म्हणजे महाराष्ट्र! इ. स. ६४१ च्या सुमारास तो आपल्याकडे आला होता. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथले लोक साधे, सरळ आणि मानी आहेत; ते उपकार विसरत नाहीत, तसा अपमानही विसरत नाहीत; संकटात कोणी मदत मागितली तर स्वतःला विसरून धावतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

खाली आल्यावर मी हे पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “अपमान विसरत नाहीत हे तर खरेच. तुमचा तो मुलगाही विसरला नसेल.” मग तिने डाळिंबाचे दाणे आम्हां दोघांच्या ओंजळीत घातले. ते गोड होते. परंतु तिचे शब्द मला बराच वेळ बोचत राहिले.

संध्याकाळी मार्गदर्शिकेचा निरोप घेताना पत्नीने तिच्या हातावर चटणीचा उरलेला डबाच ठेवला. त्या मुलीने वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, “लाओशी, तुमच्या विद्यार्थ्याला उत्तर सांगा हं!”

रात्री मला लवकर झोप आली नाही. एका दिवसात मी दोन माणसांची स्मारके पाहिली होती. एकाने ग्रंथ जाळले आणि मरणाच्या भयाने भोवती मातीची फौज उभी केली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्या घोड्याच्या सोबतीने वाळवंट ओलांडले आणि ग्रंथ आणले. दोघांचेही सन मला पाठ होते. परंतु त्यांपैकी एकालाही तहान लागत असेल, हे माझ्या ध्यानी कधी आले नव्हते. ते एका सातवीतल्या मुलाच्या ध्यानी आले होते. इतिहासातील माणसे आपल्यासारखीच हाडामांसाची असतात, त्यांनाही भूक, तहान आणि भीती असते, हे ज्याला कळले त्यालाच इतिहास कळला. त्या अर्थाने त्या दिवशी वर्गात शिक्षक तो होता आणि विद्यार्थी मी.

तो मुलगा आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. आता तो चांगला जाणता गृहस्थ झाला असेल. त्याची मुले कदाचित तुमच्याच एखाद्या वर्गात बसत असतील. म्हणून ज्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही, त्याचे उत्तर येथे लिहून ठेवले आहे. मुलांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी ऊसतोडीला गेल्यामुळे शाळा सुटलेले वडील असतील, तर त्यांना हा धडा वाचून दाखवा. आणि त्यांना सांगा, की तुमचा प्रश्न बरोबर होता. चूक गुरुजींची होती.

आणि तुम्ही? तुम्ही वर्गात प्रश्न विचारावयास भिऊ नका. गुरुजींना उत्तर येत नसेल, तर तेही तुमच्याबरोबर शोधतील. मी मात्र ते शोधावयास फार उशिरा निघालो, आणि फार दूर जावे लागले.